दुपारी एकचा बॅकअप

वेनान्सिओ ओवेलार टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला होता. त्यामुळे अरेग्वा गावातल्या त्या गल्लीत ज्याला ज्याला वायर असते ते सगळं आपल्याला कळतं, असा त्याचा समज होता. (गल्लीचा तसा समज नव्हता, पण गल्ली सभ्य होती.) बायकोने, देओलिंदाने, कॉम्प्युटरच्या बॅकअपचं काम सांगितलं तेव्हा तो नुसतं "हात्तिच्या!" म्हणाला.

काम तसं नाजूक होतं. देओलिंदाची आई पेर्पेतुआ एक्क्याण्णव वर्षांची. कुठल्या दुखण्याला तेरेरेच्या, म्हणजे तिकडच्या न उकळलेल्या चहाच्या, गार पाण्यात कुठला पाला ठेचून घालायचा, हे सगळं तिच्या डोक्यात. दोन वर्षं आईपुढे बसून देओलिंदाने तिच्याच आवाजात एकशे बारा औषधं रेकॉर्ड केली होती. ती सगळी एका जुनाट कॉम्प्युटरमध्ये होती आणि तो आताशा सुरू होतानाच कण्हायचा. तो गेला की आईचा आवाज गेला, या धास्तीने देओलिंदाला घास गोड लागत नव्हता.

वेनान्सिओने बॅकअपची डबी आणली, खिडकीजवळच्या बोर्डात तिची पिन खोचली आणि वेळ ठरवली दुपारी एक. जेवणं उरकलेली, दारं लोटलेली, गल्लीत कुत्रंसुद्धा जागं नसतं. सिएस्टाच्या झोपेत कॉम्प्युटरच्या वाटेला कोण जाणार?

तीन वाजता उठून पाहतो तर पडद्यावर लाल फुली, 'बॅकअप अपूर्ण राहिला.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने केबल बदलली. चौथ्या दिवशी डबीला चापट मारली. (टेलिफोन खात्यात हा उपाय तीस वर्षं चालला होता.) पाचव्या दिवशी डबी टॉवेलात गुंडाळून तो मिर्ताच्या दुरुस्तीच्या दुकानात गेला.

"काका, डबी ठणठणीत आहे," मिर्ता म्हणाली. "सकाळपासून तीनदा भरून पाहिली."

"माझ्या घरी चालत नाही."

"मग घरातच कुणीतरी घोळ घालतंय."

कुणीतरी! परतीच्या वाटेवर वेनान्सिओच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आभाळात जरा गडगडलं की फ्रिजची पिन कोण उपटतं? सासूबाई!

संध्याकाळी अंगणात तेरेरेचा पेला फिरत असताना त्याने तोंड उघडलं.

"मी?" पेर्पेतुआ कडाडली. "सिएस्टा मोडून तुझ्या डबीपाशी येऊ? अरे, माझ्या बापानं लढाईतसुद्धा दुपारची झोप सोडली नाही! ऐक गं देओलिंदा, चोर ठरवल्यावर मी औषधं सांगत नसते. एकशे बारा झाली, पुष्कळ झाली."

"आई, अगं तापाची राहिलीत अजून!"

"जावयाला विचार. त्याला सगळं कळतं."

देओलिंदा नवऱ्याच्या हातातला पेला काढून घेऊन आत गेली. वेनान्सिओला रात्रभर वाईट वाटलं, पण संशय काही गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ओवेलार घराण्यात कुणी केलं नव्हतं ते केलं. दुपारी जागा राहिला. ताठ खुर्चीत, घामाघूम, डबीवर डोळे लावून. आणि बॅकअप झाला की पुरा!

"पाहिलंस? मी राखणीला होतो म्हणून चोर आला नाही!"

पुढच्या दुपारी तो निर्धास्त झोपला. तीनला लाल फुली.

"म्हणजे मी कधी झोपतो ते चोराला बरोबर माहीत आहे," तो म्हणाला. (हे मात्र अगदी खरं होतं.)

मग पुढच्या दुपारी देओलिंदाच फोन घेऊन दाराआड उभी राहिली. साडेतीनला तिने आंब्याखाली आईला आणि नवऱ्याला शेजारी बसवून व्हिडिओ लावला. एक वाजून बारा मिनिटांनी वेनान्सिओ आला. अंगात बनियन, काखेत टेबलफॅन, डोळे जवळजवळ मिटलेले. त्याने डबीची पिन उपटली, पंख्याची खोचली, दोरीच्या झोळीत अंग टाकलं आणि पंख्याने वेग घ्यायच्या आत घोरायला लागला. तीनला तशाच मिटल्या डोळ्यांनी पंख्याची पिन काढून डबीची परत खोचली. (माणूस व्यवस्थित.) डबी बनियनने पुसली. मग डोळे उघडून पडद्याकडे बघत ओरडला, "परत!"

"अठरा वर्षं तिथे माझाच पंखा लागतो," वेनान्सिओ पुटपुटला. "हाताला सवय झालीय."

पेर्पेतुआ हसता हसता ठसकली. तो खरोखरच ओशाळला होता. तिच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला, "चुकलो, सासूबाई. माझ्यावर रुसा, पण औषधांवर रुसू नका."

"रेकॉर्डर आण," ती म्हणाली.

औषध क्रमांक एकशे तेरा. पेर्पेतुआने घसा साफ केला. "बावळट जावयावर. मूठभर कोकूचा पाला, सेद्रोनची चार पानं, ठेचून गार पाण्यात, दिवसातून तीनदा." जरा थांबून ती पुढे म्हणाली, "गुण येत नाही. पण पितो तोवर तोंड बंद असतं."

बॅकअपची वेळ आता संध्याकाळी सात आहे आणि तो रोज सुरळीत होतो. एकशे बारा औषधांची एकेक प्रत डबीत आहे. एकशे तेरावं मात्र देओलिंदाने खबरदारी म्हणून बुएनोस आयर्सच्या बहिणीला, मिर्ताला आणि निम्म्या गल्लीला पाठवून ठेवलंय. ते काही आता हरवायचं नाही.