आक्काची नसलेली शेती

आमच्या काकती गावात कुणालाही विचारा, अर्ज लिहावा तर नागेंद्रनंच. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगतो. बेळगावच्या खासबागेतल्या टाइल्सच्या दुकानात हिशेब लिहीत वीस वर्षं गेली, पण भाषा अशी कमावलीय की माझा अर्ज वाचून साहेबानंच मला विनंती करावी.

त्यामुळे आमच्या आरोहीला बेळगावात फिजिओथेरपीला जागा मिळाली आणि फी ऐकून माझी बायको रचना मटकन खाली बसली, तेव्हा मी शांत होतो. एक संस्था गरजू मुलांची बरीचशी फी भरते असं कळलं होतं. मी अर्ज केला, दाखले जोडले. आठवड्यात फोन आला, "गुरुवारी आमची माणसं घर बघायला येतील."

अडचण एकच होती, बाळाबाई. माझी थोरली बहीण. आईमागं तिनंच मला वाढवलं. वाटीभर साखर उसनी आणली तर परत देताना शीग लावून देणारी बाई. तिच्यापुढं 'आर्थिक मदत' म्हटलं असतं तर तिनं मलाच घराबाहेर काढलं असतं. म्हणून मी मोघम सांगितलं, "आक्का, गुरुवारी आरोहीसाठी बेळगावची माणसं येणारेत. घर बघायला."

आक्काचा चेहरा एकदम उजळला. "व्हय? असू दे असू दे. मी बघतो सगळं. तू निस्ता गप ऱ्हा."

एवढ्या सहज काम झालं याचंच मला बरं वाटलं. इथंच मी शंका घ्यायला हवी होती.

गुरुवारी रचना अंगणवाडीत कामावर होती. पाहुण्यांना घर सापडावं म्हणून मी हायवेच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. मोबाईल घरी चार्जिंगला. पाहुणे नकाशा बघत बघत सर्व्हिस रोडनं कधीच गावात शिरले होते. मी मात्र तासभर येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होतो. सवारी भरायला दोन वडापवाले थांबले, तेवढेच.

घरी परत आलो तर पाहुणे निघाले होते. आमच्या दारात शेजारच्या युवराजची मोटार उभी. आत युवराजचाच सोफा. आरोही कुणाच्या तरी पैठणीत, गळ्यात ठसठशीत हार, हातात चहाचा रिकामा ट्रे. पाहुण्यांतल्या शिक्षिकाबाईंची ओटी भरून झालेली. पाहुणे तिघे, आणि तीन तिघाडा नको म्हणून आक्कानं त्यांच्या ड्रायव्हरलाही आत बसवून शिरा खायला घातलेला.

त्यांचे प्रमुख, निपाणीचे चौगुले सर, हातातला नारळ सांभाळत माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या आक्का म्हणजे देवमाणूस. इतकं खरं बोलणारं माणूस हल्ली बघायला मिळत नाही." आणि गाडीत बसले. आवाज जरा कोरडा वाटला. पण मी म्हटलं, काम झालं.

"एवढं सगळं कशाला केलंस, आक्का?" मी विचारलं.

"पाहुणे रिकाम्या घरात बसवायचे व्हय?" आक्का म्हणाली. आमच्या गल्लीत कुणाकडंही पाहुणे आले तरी सोफा युवराजचाच असतो, म्हणून मला ते पटलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. कुटुंबाची स्थिती उत्तम असून मदतीची गरज दिसत नाही. अर्जदाराच्या वडिलांनी खोटी माहिती दिल्याचं घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या बोलण्यातून स्पष्ट होतं. अपील करायचं असल्यास दहा दिवसांत करावं.

मी पत्र वाचत असतानाच आक्का आली. "पाहुण्यांचा निरोप आला काय रं? पोरगी पसंत हाय म्हणालेत?"

मग सगळं बाहेर आलं. चौगुल्यांनी विचारलं, शेती किती? आक्कानं भावकीची सगळी मिळून सांगितली. मोटार? आमचीच. कर्ज? सात पिढ्यांत न्हाय. सोसायटीचा हप्ता तर मी परवाच भरलेला. पोरगी पुढं नोकरी करणार काय? छे, आमच्यात बाईमाणसाला नोकरीची गरजच न्हाय, शिकत्या आपली हौस म्हणून.

बिचारी आक्का तरी काय करणार? मुलीला बघायला येणारेही नेमके हेच प्रश्न विचारतात. आरोहीला तर आतल्या खोलीत युवराजची बायको पैठणी नेसवत होती. मोठी माणसं येणारेत, नीट दिसायला हवं, एवढंच तिला सांगितलेलं.

महिनाअखेरपर्यंत फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आरोही रडली नाही. "ऱ्हाऊ दे आप्पा, मी बी.ए. करतो," एवढंच म्हणाली आणि फिजिओथेरपीची पुस्तकं पिशवीत भरून कपाटावर ठेवली. त्या पिशवीकडं बघून मला फार वाईट वाटलं. आक्कानंही बघितलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

मी अपील लिहिलं. चार पानं. त्यात 'गैरसमजातून उद्भवलेली परिस्थिती' असं पाच ठिकाणी होतं. सुनावणीला आक्काला बरोबर आणा, असं संस्थेनं कळवलं. बसमध्ये मी तिची तयारी करून घेतली.

"मोटार हाय?"

"न्हाय."

"सोफा?"

"न्हाय."

"काहीही विचारलं तरी जास्त बोलू नकोस, आक्का."

संस्थेच्या कचेरीत अध्यक्षबाई होत्या, साठीच्या. शेजारी चौगुले सर. बाईंनी आक्काला खुर्ची दिली आणि प्रेमानं विचारलं, "आक्का, जेवून आलात ना?"

"न्हाय," आक्का म्हणाली.

अर्ध्या तासापूर्वीच खासबागेत आम्ही पोटभर जेवलो होतो. बाईंनी घाईनं उप्पीट मागवलं. आक्कानं ते निमूट खाल्लं. मी घाम पुसत होतो.

चौगुले सर म्हणाले, "आक्का, मला सांगा, त्या दिवशी खरं बोलला की आज खरं बोलताय?"

आक्कानं बशी खाली ठेवली. मला वाटलं, परत न्हाय म्हणते की काय.

"त्या दिवशी खोटं बोललो," ती म्हणाली. "सोफा युवराजचा, मोटार युवराजची, हार त्याच्या बायकोचा. आमची शेती पाऊण एकर, ती बी पाण्याबिगार. पोरगीला बघायला आलाय म्हणून सांगितलं तसं. ह्यो नागू मला काय बोललाच न्हाय." मग तिचा आवाज जरा बसला. "मी कुणापुढं 'आमच्याकडं न्हाय' म्हणून उभी ऱ्हायलेली न्हाय, बाई. आज ऱ्हायलो. पोरगीची पुस्तकं कपाटावर जाऊन बसल्यात, ती खाली काढायची हाईत."

चौगुले सरांनी समोरची फाईल मिटली.

आक्कानं पदर सावरला. "आणि तुमच्या आईवडलांनी, तुम्हाला बघायला आलते तवा, काय सांगितलंतं?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हसू दाबत म्हणाल्या, "निपाणीला आमची तंबाखूची वखार आहे म्हणून. सासरे मरेपर्यंत ती शोधत होते."

मदत तिथंच मंजूर झाली. बाहेर पडताना मी विचारलं, "माझं अपील कसं वाटलं, बाई?"

"लांब होतं," त्या म्हणाल्या. "वाचायचं राहून गेलं."

जिन्यात चौगुले सरांनी मला बाजूला घेतलं. "नागेंद्र, खरं सांगतो. तुमचं घर बघून आलो तेव्हापासून माझ्या मेव्हण्याच्या मुलासाठी तुमच्याकडं शब्द टाकायचा विचार होता. मुलगा बंगळुरात असतो. पण आता… म्हणजे राहू दे ते."

आक्का मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. काकतीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "उगंच खरं बोललो."

घरी आरोही दारातच उभी होती. मी तिला आधी मंजुरीची बातमी सांगितली, मग हातचं स्थळ गेलं म्हणून आक्काचं तोंड पडलंय तेही सांगितलं. तिनं आत जाऊन कपाटावरची पिशवी खाली काढली, पुस्तकांवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "आप्पा, अर्ज एकच केलतासा. मदत दोनदा मिळाली."