हयातीचा दाखला

दूरच्या दीर्घिकांनाही दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. न दिल्यास त्यांचं नाव आकाशातून कमी होतं. कोरेवाडीच्या कचेरीत हे काम शैला मोकाशींकडे होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अंगठे घेता घेता त्या वर्षाला पंधरा-वीस दीर्घिकाही हातावेगळ्या करत.

शेवटच्या तारखेला, कचेरी बंद व्हायला तासभर उरला असताना, रझिया मुजावर आली. ती अवकाशातल्या दुर्बिणीवर कामाला होती आणि अकरा वर्षं एकाच दीर्घिकेकडे बघत होती. तिने फोटो टेबलावर ठेवला.

शैलाबाईंनी चष्मा लावला आणि त्यांचा हात शिक्क्यावरच थांबला. मधोमध पिवळसर उजेडाचा गोळा, त्यातून निघून वळत गेलेले दोन लांब बाहू, त्यांवर काळ्या धुळीच्या शिरा. शिरांच्या काठाने गुलाबी ठिपके होते. तिथे नवे तारे जन्माला येत होते. एवढं देखणं त्या टेबलावर कधी आलं नव्हतं. आपण फारच लहान आहोत असं त्यांना वाटलं आणि, नवल म्हणजे, बरं वाटलं.

"फोटो कधीचा?"

"काढलाय परवाच. पण त्यातला उजेड तीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे."

"मग तेव्हा हयात होती एवढंच कळतं. पुरावा सहा महिन्यांच्या आतला लागतो."

"मॅडम, नाव कमी झालं तर तिथे नुसता अंधार राहील." रझियाने फोटो पुन्हा पुढे सरकवला. "मी मग बघू कुणाकडे?"

शैलाबाईंनी फोटो पुन्हा एकदा पाहिला. पण नियम तो नियम.

रांगेत गणपतराव सुतार होते, स्वतःची हयाती सांगायला आलेले. ते म्हणाले, "ताई, पुकारा करून बघा की. कोर्टात करत्यात तसा. ओ दिली तर हाय, न्हाई तर न्हाई."

नियमपुस्तकात तशी सोय निघाली. अर्जदारास तीन वेळा पुकारावे. दर पुकाऱ्यानंतर ओ येण्यास वाजवी वेळ द्यावा. तोवर नाव कमी करू नये. शैलाबाईंनी बोटांवर हिशेब केला. हाक पोचायला तीन कोटी वर्षं, ओ परत यायला तीन कोटी.

"सहा कोटी," त्या म्हणाल्या. "वाजवी आहे."

शिपाई दौलत अंगणात गेला. "कुठल्या अंगाला, बाई?"

रझियाने लिंबाच्या शेंड्यावर, लख्ख उन्हाकडे बोट दाखवलं. दौलतने टोपी सावरली. "अर्जदार दीर्घिका, क्रमांक चारशे बारा, हजर आहे का?"

गणपतरावांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. शैलाबाईंनी रजिस्टरात 'पहिला पुकारा झाला' असं लिहिलं आणि रझियाकडे खुर्ची सरकवली.

पाच वाजले. दौलत किल्ल्या घेऊन आला. "दार लावू ना, बाई?"

"आणि ओ आली म्हणजे?" शैलाबाई म्हणाल्या.

दौलतला ते पटलं. त्याने अंगणातला एक दगड आणून उघड्या दाराला लावला.