व्याह्यांच्या रायफलीचं माप

आलेल्या पत्राला वेळेवर उत्तर देण्यात माझा हात धरणारा माणूस जर्मनीतल्या अख्ख्या कायझर्सलाउटर्नमध्ये सापडायचा नाही! विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली. हरवलेली पुस्तकं, फाटलेली पुस्तकं, आंघोळीच्या टबात पडलेली पुस्तकं, सगळ्यांबद्दल पत्रं यायची आणि प्रत्येकाला तीन दिवसांत माझं उत्तर जायचं.

एक पत्र सोडून.

ते तीन ऑगस्टला आलं आणि ऑक्टोबर उजाडला तरी माझ्या टेबलाच्या खणात, जाड शब्दकोशाखाली, दबा धरून बसलं होतं. खणातून चष्म्याचं कापड काढायचं झालं तरी मी डोळे मिटून हात घालत असे.

पत्र आमच्या व्याह्यांचं होतं. आमची उर्जा त्यांच्या योनासला दिलेली. ती दोघं इंगोलश्टाटला इंजिनियर आहेत. व्याही राइनहार्ट मात्र आमच्यापासून पंचवीस किलोमीटरवर, जंगलाकाठच्या गावात राहतात. उंची सहा फूट तीन इंच, हात फावड्यांसारखे, पेशानं सुतार आणि हौसेनं शिकारी. मी पाच फूट चार इंच. पेशानं, हौसेनं आणि नाइलाजानंही वाचक.

त्यांनी लिहिलं होतं, "प्रिय दिनकर, नोव्हेंबरात आमची मोठी शिकार आहे. हाकारे दाट झाडीतून रानडुकरं उठवतात, तेव्हा लांब रायफल फांद्यांत अडकते. म्हणून आखूड, लिव्हरवाली घेतोय. ट्रिगरखालची कडी खाली-वर केली की पुढचं काडतूस चढतं. प्रश्न फक्त कॅलिबरचा आहे. बारीक गोळीची थर्टी-थर्टी घेऊ, की जाड गोळीची फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी? तुला यातलं कळतं. पंधरा सप्टेंबरपर्यंत कळव."

संपलं! खाली 'तुझा' नाही, सही नाही, काही नाही! मुलीच्या सासऱ्यांनी सही न करता पत्र पाठवलं म्हणजे काय समजायचं?

आता, "तुला यातलं कळतं" हे कुठून आलं? तर लग्नातल्या जेवणातून. माझ्या शेजारी बसून राइनहार्ट अर्धा तास कॅलिबरबद्दल बोलत होते. आपणही काहीतरी बोलायला हवं, या भीतीनं मी म्हणालो, "जाड म्हणजे चांगलं, असं काही नसतं." हे वाक्य मी ग्रंथालयात विद्यार्थ्यांना पुस्तकांबद्दल सांगायचो! पण राइनहार्टनी काटा खाली ठेवला, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. तेव्हापासून त्यांच्या गावात मी जाणकार समजला जातो. मी आयुष्यात झाडलेली एकमेव वस्तू म्हणजे पुस्तकांवरची धूळ.

"अहो, लिहून टाका ना काहीतरी!" सुलेखा म्हणाली.

"काहीतरी? बंदुकीबद्दल काहीतरी? अगं, मी बारीक गोळी सांगितली आणि डुक्कर नुसतंच जखमी झालं तर? चिडून ते यांच्या अंगावर आलं तर? उर्जाच्या सासूबाईंना काय तोंड दाखवू?"

"मग जाड सांगा."

"आणि तिच्या धक्क्यानं हेच उलटे पडले तर?"

"मग माहीत नाही म्हणून सांगा!"

यावर मी कपाटाआड गेलो.

अभ्यास केला. शिकारीवरची चौदा पुस्तकं आणली. वही केली. पहिल्या पानावर, ग्रंथपालाच्या सवयीनं, नाव आणि पत्ता ठळक अक्षरांत. इथल्या कायद्याप्रमाणे रानडुकरासाठी गोळीत शंभर मीटरवर दोन हजार ज्यूल शक्ती शिल्लक लागते. फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी ही रेषा दणदणीत ओलांडते, पण खांद्यावर लाथ मारते. थर्टी-थर्टी सोसायला सोपी, पण तिची काही काडतुसं रेषेच्या जरा वर, काही जरा खाली. चौदा पुस्तकांची चौदा मतं! शेवटी मी एक चित्र काढलं. एका बाजूला व्याही, खाली त्यांचं नाव, दुसऱ्या बाजूला डुक्कर, मध्ये बाण. बाण कोणाकडून कोणाकडे, हे मला दुसऱ्या दिवशी कळेना.

तेवढ्यात उर्जाचा फोन. "बाबा, तुम्ही सासऱ्यांना पत्राचं उत्तर दिलं नाहीत? ते रोज पेटी उघडून बघतात. मला विचारत होते, दिनकर रागावलाय का?"

रागावलाय का! हा टोमणाच होता. यंदा दिवाळीला ते येणार नाहीत. मग योनास येणार नाही. मग उर्जा रडेल. एका कॅलिबरपायी माझ्या मुलीचा संसार!

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री आणि वही घेऊन मी शिकारीच्या दुकानात गेलो. भिंतीवर रानडुकराचं मुंडकं होतं. पुस्तक उशिरा परत करणाऱ्याकडे मी ज्या नजरेनं बघायचो, तसं ते माझ्याकडे बघत होतं. काउंटरमागे हिरव्या जॅकेटातल्या एक बाई.

"आखूड लिव्हर-रायफल," मी पुटपुटलो. "कॅलिबर सुचवा."

"यागडशाइन?" त्यांनी शिकारीचा परवाना मागितला.

"नाही, नाही! माझ्यासाठी नको. माझ्या मुलीच्या सासऱ्यांसाठी हवंय."

"आल्झो, अच्छा. सासऱ्यांसाठी."

"हो, हो! पंधरा-वीस मीटरवरून. एका गोळीत काम झालं पाहिजे. त्यांना त्रास मात्र व्हायला नको. मुलीच्या संसाराचा प्रश्न आहे!"

बाईंचा हात हळूच फोनवर गेला. "आणि हे त्या सासऱ्यांना माहीत आहे?"

"छे! त्यांना अजिबात कळता कामा नये!"

मला म्हणायचं होतं, मला यातलं काही येत नाही हे कळता कामा नये. पण बाईंनी "आपलं नाव?" असं विचारलं, आणि मी पळालो! सत्तराव्या वर्षानंतर माणूस इतका पळू शकतो, हे कुठल्याही पुस्तकात नाही. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. छत्री तिथेच राहिली. वहीही तिथेच राहिली. नाव, पत्ता आणि बाणाच्या चित्रासकट!

घरी आल्याबरोबर मी बॅग भरली. स्वेटर, रक्तदाबाच्या गोळ्या, दोन पुस्तकं.

"कुठे निघालात?" सुलेखानं विचारलं.

"पोलीस नेतील तिकडे."

"मग मफलर घ्या."

चार वाजता बेल वाजली. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. राइनहार्ट! एकटे! हातात हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांब!

"उघडू नकोस!" मी कुजबुजलो. सुलेखानं दार उघडलं.

"दिनकर!" त्यांनी मला असं कवटाळलं की बरगड्या मोजून झाल्या. "वहीतल्या चित्राखाली माझं नाव वाचून दुकानातल्या बाईंनी फोन केला. आमच्याच शिकारी मंडळातल्या आहेत. म्हणाल्या, एक छोटासा म्हातारा भारतीय तुला त्रास न देता एका गोळीत मारायला बघतोय. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, तो माझा दिनकर! माझ्यासाठी दुकानापर्यंत गेला!"

त्यांनी कापड सोडलं. आत माझी छत्री होती. वही त्यांच्या खिशात होती.

सुलेखा चहा ठेवायला गेली, तसे ते खाली वाकले. आवाज एकदम बारीक. "मागच्या पानावर लिहिलेलं तू कोणाला सांगितलं नाहीस ना?"

मागचं पान?

"छे, छे!" असं म्हणून मी खोलीत पळालो, खण उघडला, या खेपेला डोळे उघडे ठेवून, आणि कागद उलटला.

"खरं सांगतो," मागे लिहिलं होतं. "वसंतात उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. जाड गोळीचा धक्का आता सोसत नाही. परवा सरावात ट्रिगर ओढण्याआधीच माझे डोळे मिटले. दिनकर, मला भीती वाटते. बारीक कॅलिबर घेतलं तर मंडळात हसतील, म्हणतील राइनहार्ट संपला, आता त्याला हाकाऱ्यांत पाठवा. पण जाड म्हणजे चांगलं असं काही नसतं, हे तूच सांगितलंस. तूच लिहून दे. तुझा, राइनहार्ट."

सही चांगली वीतभर होती.

सहा फूट तीन इंचांचा माणूस दोन महिने रोज टपालपेटी उघडत होता, आणि मी इथे खण उघडायला घाबरत होतो. दारात सुलेखा उभी होती. तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"एकतीस वर्षं ग्रंथपाल होतात ना तुम्ही?"

बाहेर येऊन मी घसा साफ केला. "थर्टी-थर्टी," मी म्हणालो. आयुष्यात प्रथमच माझा आवाज कापला नाही.

"तोंडी नको!" राइनहार्ट दचकले. "लेखी हवं! मंडळाच्या बैठकीत दाखवायचंय!"

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या उजेडात बसून मी उत्तर लिहिलं. सात कागद फाडले. जर्मनमध्ये व्याह्यांना 'तू' लिहावं लागतं, म्हणून प्रत्येक 'तू'पुढे मनातल्या मनात 'अहो' जोडत गेलो. लिहिलं, "माझ्या अभ्यासाप्रमाणे थर्टी-थर्टीच योग्य. काडतुसं मात्र तीच घ्यायची, ज्यांच्या डब्यावर शंभर मीटरसमोर दोन हजारांच्या वरचा आकडा छापलेला आहे. झाडीत, जवळून, डोळे उघडे ठेवून मारलेली बारीक गोळी ही डोळे मिटून मारलेल्या जाड गोळीपेक्षा केव्हाही बरी. चौदा पुस्तकं वाचून हे सांगतो आहे." पुस्तकांची यादी खाली दिली. सगळं एकाच बाजूला लिहिलं. मागे काही राहिलं नाही ना, हे तीनदा उलटून पाहिलं. तिकीट दोनदा चाटलं, म्हणजे चुकून, ते स्वतःच चिकटणारं होतं.

कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत पाकीट टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकला. अडुसष्ट दिवसांनी मी ताठ मानेनं घरी आलो.

"टाकलंत?" सुलेखानं विचारलं.

"टाकलं!"

"सही केलीत ना?"

टपालपेटीच्या फटीत माझा हात फक्त मनगटापर्यंत जातो, एवढं मी तुम्हाला खात्रीनं सांगू शकतो.