शेलारबाई आणि निळा पट्टा

"कार्ड कंपनीचं, मान माझी," असं शेलारबाई रोज एकदा तरी म्हणायच्या.

खराडीतल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत आयकार्डासाठी सगळ्यांच्या गळ्यात निळा, गुळगुळीत, छापील पट्टा असे. बाईंच्या गळ्यात मात्र हातानं कातलेल्या सुताचा, स्वतः विणलेला. मळकट पांढरा, मधेच फुगलेला, मधेच गाठी. एका पोरानं विचारलं, "मॅडम, तुमच्या पट्ट्यानं उंदीर गिळलाय का?"

"हातचं सूत आहे," बाई म्हणाल्या. "यंत्राला उंदीर पचत नाहीत."

मी तिथं अ‍ॅडमिन बघत होते. खुर्च्या, चहा, एसी, पार्किंग आणि पट्टे, सगळं माझ्याकडे. बाई पगाराचं काम करायच्या. कामात चूक नाही, त्यामुळे बोलायची सोय नाही.

त्यांचा माग म्हणजे दोन काठ्या आणि एक लाकडी फणी. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक टेबलाच्या ड्रॉवरच्या कडीला, दुसरं स्वतःच्या कमरेला. मागे रेललं की ताणा घट्ट. डबा संपला की उरलेल्या सुट्टीत बाई अशा स्वतःला टेबलाशी बांधून घ्यायच्या. कुणी हसलं की म्हणायच्या, "बांधलेले तुम्हीही आहात. माझं दिसतं, एवढंच."

एकदा आगीची तालीम होती. घंटा वाजली, मजला रिकामा झाला. खाली मोजणी केली तर एक माणूस कमी. मी जिने चढून वर. बाई धापा न टाकता विणत बसलेल्या, मी धापा टाकत समोर उभी.

"आग खरी आहे का?"

"नाही, पण..."

"मग थांबा. आत्ता उठले तर ताणा सैल पडेल."

"आणि खरी असती तर?"

"तर ड्रॉवर घेऊन उतरले असते."

मग नवे साहेब आले. त्यांना मजला एकसारखा दिसायला हवा होता. सोमवारपासून निळा पट्टा नसेल त्याला गेटवरूनच परत पाठवायचं, असा हुकूम निघाला. बाईंना सांगायचं काम अर्थात माझं.

"बाई, फक्त आत येण्यापुरता घाला. जागेवर गेलात की काढा."

"पोळ्याला माळ घालताना बैलाला विचारत नाहीत. मला विचारताय, म्हणून सांगते. नाही."

"अहो, गेटवर अडवतील."

"अडवू देत. गेटबाहेर गुलमोहर आहे. ताण्याला कडीपेक्षा खोड बरं."

"नोकरी जाईल."

"दुसरी बघेन. पण हा पट्टा घालूनच बघेन."

माणूस ऐकत नसेल तर त्याच्या घरच्यांशी बोलावं, ही माझी जुनी रीत. बाई त्या शुक्रवारी रजेवर होत्या. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर माझा पट्टा काढून पर्समध्ये टाकला, त्यांच्यासाठी एक नवा निळा घेतला आणि थेट वाघोलीला त्यांचं घर गाठलं.

दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. हातात टकळी, केसांत कापूस. मी ऑफिसातून आले म्हणताच त्यांचा चेहरा उजळला.

"सूत कमी पडलं का? मी हिला म्हणत होतो, एवढ्या मागणीला मी एकटा पुरणार नाही."

"मागणी?"

"अहो, तुमचा सगळा मजला हेच पट्टे घालतो ना."

बाई पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून आल्या आणि दारातच थबकल्या.

यजमान बोलतच होते. "पिंपरीला टर्नर होतो मी. कारखाना बंद झाला, त्या दिवशी गेटवर पास काढून घेतला. घरी आलो आणि भिंतीकडं तोंड करून बसलो. किती महिने, ते हिला विचारा. मग हिनं टकळी आणून दिली. लहानपणी शाळेत कातायचो आम्ही. सुरुवातीला सूत सारखं तुटायचं. ही म्हणाली, तुटू दे, ऑफिसात गाठीचंच आवडतं." ते हसले. "आता बघा, बसायला सवड नाही."

मग त्यांचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. "तुमचा कुठाय?"

बाईंनी तांब्या खाली ठेवला. माझ्या पर्समध्ये दोन निळे पट्टे होते.

"धुवायला टाकलाय," मी म्हणाले.

"गार पाण्यात धुता ना? नाहीतर आटतो." ते उठले, खिळ्याला अडकवलेल्या पट्ट्यांतून एक निवडून त्यांनी माझ्या हातात दिला. "सोमवारी बिनपट्ट्याच्या कशा जाल?"

बाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "नाही घातलात तरी चालेल. त्यांना कळणार नाही. माझं मी बघेन गेटवर काय ते."

मी पट्टा गळ्यात घालून बघितला. मानेला थोडा टोचत होता.

"गाठी आतल्या बाजूला ठेवायच्या, का बाहेरच्या?"

बाईंनी पुढे होऊन तो उलटा केला, नीट बसवला.

"बाहेर," त्या म्हणाल्या. "दिसल्या पाहिजेत."