अस्वलांच्या घरचा गुरुवार

मुलांनो, मांडी घालून बसा. चिकट हात शेजाऱ्याच्या सदऱ्याला पुसू नका. आज अस्वलांची गोष्ट आहे.

एका जंगलात, जिथे डांबरी रस्ता फक्त नकाशावर पोहोचला होता, अस्वलांचं एक कुटुंब राहत होतं. केशवराव, त्यांची बायको इंदुमतीबाई, मुलगी पिंगळा आणि केशवरावांचे वडील अप्पा.

चौघांचं जेवण ठरलेलं होतं. सकाळी वाळवी, संध्याकाळी मध. मोहाच्या दिवसांत मोहाची फुलं, जांभळांच्या दिवसांत जांभळं. केशवराव म्हणायचे, "अस्वलांनी पिढ्यानपिढ्या हेच खाल्लं. कोणी तक्रार केली नाही."

"केली असेल," इंदुमतीबाई म्हणायच्या. "ऐकून घेणारं कोणी नसेल."

दोन महिन्यांपूर्वी पिंगळाची आजी वारली होती. तेव्हापासून अप्पांनी बोलणं बंद केलं होतं. जेवायची वेळ झाली की ते आपलं पळसाचं पान उचलायचे आणि गुहेच्या मागे जाऊन एकटे बसायचे. पानावरची अर्धी वाळवी चालत निघून जायची, तरी त्यांना पत्ता नसायचा. त्यांची कातडी सैल पडली होती. दुसऱ्याचा मोठा कोट अंगात घातल्यासारखे ते दिसायचे.

इंदुमतीबाईंनी डॉक्टर बगळ्यांना बोलावलं. डॉक्टर एका पायावर उभे राहून तपासायचे आणि पाय बदलून सल्ला द्यायचे.

"ताटात पाच रंग हवेत," ते म्हणाले. "तुमच्या ताटात एकच आहे. तपकिरी."

"तुम्ही काय खाता?" पिंगळाने विचारलं.

"मासे."

"आणि?"

"लहान मासे," असं म्हणून डॉक्टर उडून गेले.

इंदुमतीबाईंना दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी रंगच आणायचं ठरवलं. नदीच्या वळणावर शेपटे नावाच्या वानराचं दुकान होतं. तो लांबलांबची फळं आणि भाज्या आणायचा. दर गुरुवारी तिथून एक नवी वस्तू आणायची आणि घरच्या सगळ्यांनी ती खायची. नियम एकच होता. आधी एक घास खायचा, मग बोलायचं. घासाआधी मत द्यायचं नाही.

पहिल्या गुरुवारी त्यांनी एक गुलाबी, खवल्याखवल्यांचं फळ आणलं. शेपट्याने त्याचं नाव ड्रॅगनफ्रूट सांगितलं होतं.

"आजोबांना बोलाव," त्या पिंगळाला म्हणाल्या. "चौघं बसल्याशिवाय मी कापणार नाही."

नात उपाशी राहील म्हणून अप्पा आले. आपल्या जुन्या जागी बसले. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

फळ कापलं. आत पांढरं, त्यात काळे ठिपके. सगळ्यांनी एकेक घास घेतला. केशवराव बराच वेळ चावत राहिले.

"याची चव कुठाय?" त्यांनी विचारलं.

"असेल. शोधा," इंदुमतीबाई म्हणाल्या.

मग अप्पा बोलले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"एवढं नटून आलं आणि आत सांगण्यासारखं काही नाही. आपल्या नात्यात एक होता असा."

पिंगळाला हसताना ठसका लागला. "कोण हो आजोबा?"

"तुझ्या बापाचा मामा."

"अप्पा, मामांना मध्ये आणू नका," केशवराव म्हणाले.

"मी कुठे आणला? तो नेहमी स्वतःच यायचा. जेवायच्या वेळेला."

यावर बापलेकांचं अर्धा तास वाजलं. मामा किती वेळा आले, किती मध पिऊन गेले, जाताना पोळं कोणी पळवलं, सगळं निघालं. अप्पा मागे जायचं विसरले.

दुसऱ्या गुरुवारी ब्रोकोली आली. पिंगळाने ती हातात धरून सगळीकडून बघितली. "आई, हे झाडाचं पिल्लू आहे. मोठं होऊ द्यायला हवं होतं."

तिसऱ्या गुरुवारी अ‍ॅव्होकाडो आला. केशवरावांच्या मते तो कच्चा राहिलेला साबण होता. अप्पांच्या मते ते लोणीच होतं, पण म्हैस कोण ते कळायला मार्ग नव्हता. चौथ्या गुरुवारी कारलं आलं. केशवरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अप्पांनी दोन कारली खाल्ली, केवळ मुलाला दाखवायला.

आता अप्पा रोजच चौघांत जेवायला बसू लागले. कातडी भरत चालली. बुधवार आला की ते विचारायचे, "सूनबाई, उद्या काय?"

"सांगणार नाही."

"बरं. तयारीत राहतो."

पाचव्या गुरुवारी इंदुमतीबाईंनी लिची आणली.

मुलांनो, तुम्ही लिची खाल्ली असेल. पाणीदार, गोड, घशाखाली उतरताना वाट विचारत नाही अशी. चौघांनी पहिला घास घेतला आणि कोणी काही बोललं नाही. दुसरा घेतला. टरफलं काढल्याचे आवाज तेवढे येत होते. थोड्याच वेळात सगळं संपलं. केशवरावांनी ढेकर दिली आणि ते आडवे झाले. पिंगळा वडाच्या पारंब्यांवर झोके घ्यायला पळाली.

अप्पा शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले होते. मग ते उठले.

"छान होतं, सूनबाई," ते म्हणाले. आणि आपलं पान उचलून गुहेच्या मागे गेले.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. सासऱ्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. ते ऐकून इंदुमतीबाईंना रडू आलं.

शुक्रवारी अप्पा मागेच जेवले. शनिवारीही. वाळवी पुन्हा चालत जाऊ लागली. इंदुमतीबाई लिचीच्या बियांच्या ढिगासमोर बसून विचार करत राहिल्या. भांडणाच्या गोंगाटात ती रिकामी जागा झाकली जायची. सगळे गप्प झाले की ती दिसायची. एवढं त्यांच्या लक्षात आलं आणि त्या पुढच्या गुरुवारी सकाळीच दुकानात गेल्या.

"वहिनी, लिची आहे. ताजी," शेपटे म्हणाला.

"लिची नको. काहीतरी वाईट दाखवा."

शेपट्याला ते लागलं. "वाईट माल मी ठेवत नाही."

"ते मागे सागाच्या पानांनी काय झाकलंय? वर दगडही ठेवलेत."

शेपटे जवळ सरकला. मग हळू आवाजात म्हणाला, "ड्युरियन आहे. तिकडे लांब फळांचा राजा म्हणतात त्याला. पण इथे गव्यांनी अर्ज दिलाय. वास सहन होत नाही म्हणतात. वहिनी, घरात लहान मूल आहे ना?"

"आहे. म्हातारं माणूसही आहे. द्या."

त्याने ते फुकट दिलं. वर एक टोपली दिली आणि टोपली परत आणू नका म्हणाला.

फळ गुहेत यायच्या आधी वास आला. केशवराव दचकून उठले.

"घरात काही मेलंय का?"

"फळ आहे," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"मेलेलं?"

"एक घास खायचा. मग बोलायचं. पिंगळा, आजोबांना बोलाव."

अप्पा आधीच आले होते. वास त्यांच्यापर्यंत स्वतःच पोहोचला होता.

काटेरी टरफल फुटलं. चौघांनी नाक दाबून एकेक घास तोंडात टाकला. केशवराव उठले, बसले, पुन्हा उठले. पिंगळाने आईच्या पोटात तोंड खुपसलं. बाहेरच्या पायवाटेवरून येणारं भेकर जरा थांबलं आणि आल्या वाटेने परत गेलं.

अप्पांनी डोळे मिटून घास गिळला. मग दुसरा घेतला.

"अप्पा, नियम एका घासाचा आहे," केशवराव म्हणाले.

"पहिल्याच्या वेळी विश्वास बसला नाही."

ते थोडा वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "हिने लग्नानंतर पहिल्यांदा मला असंच काहीतरी वाढलं होतं."

"हिने म्हणजे?" पिंगळाने विचारलं.

"तुझ्या आजीने."

सगळे थांबले. ती गेल्यापासून या घरात तिचा विषय कोणी काढला नव्हता. अप्पांना त्रास होईल म्हणून.

"काय वाढलं होतं?"

"बिब्ब्याची कोशिंबीर. तिला वाटलं, जांभळांचाच प्रकार. माझे ओठ असे सुजले की नाक दिसेना."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"छान झालीय म्हणालो."

"का पण?"

"ती समोर बसून बघत होती."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी परत केली."

केशवराव हसता हसता भिंतीला टेकले. इंदुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पाही हसत होते आणि डोळे पुसत होते. ड्युरियनचा वास फार झोंबतो, असं ते म्हणाले, आणि कोणी त्यांना खोटं पाडलं नाही. पिंगळा आजीच्या रिकाम्या जागी जाऊन बसली आणि म्हणाली, "अजून सांगा." ऊन उतरेपर्यंत अप्पा सांगत होते. बोलता बोलता ते फळही संपलं. कोणी संपवलं ते मात्र कोणी कबूल केलं नाही.

पुढे काही दिवसांनी डॉक्टर बगळे तिथून जात होते. अप्पांच्या अंगावरचे केस चकाकत होते आणि ते भेंडी या भाजीविरुद्ध मोठ्याने बोलत होते. डॉक्टरांनी चौकशी केली आणि जंगलभर जाहीर केलं की, ड्युरियन हे उदासीवरचं औषध आहे. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.

शेपट्याच्या दुकानापुढे रांग लागली. सगळ्या प्राण्यांनी फळं घरी नेली, आपापल्या बिळात एकट्याने नाक दाबून खाल्ली आणि वेळच्या वेळी खाल्ली. कोणालाही गुण आला नाही.

डॉक्टरांनी मात्रा दुप्पट केली.

तात्पर्य: घरच्यांना फार चांगलं करून घालू नये. ते गुपचूप खातात आणि उठून जातात. आपलं माणूस ताटावर बसून राहावं असं वाटत असेल, तर नावं ठेवण्यासारखं काहीतरी वाढावं आणि आपणही सोबत बसून खावं.