रेकॉर्डचं भोक

सकाळच्या घाईत नवरा बायकोचा चष्मा लावून कामाला गेला, म्हणून मागून निघालेल्या बायकोला त्याचा लावावा लागला. दोघं रेकॉर्डच्या एकाच कारखान्यात होती. तो प्रेसवर, ती तयार रेकॉर्डी ऐकून पास-नापास करण्याच्या खोलीत. तिचं काम कानांचं, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. त्याचं अडलं.

नव्या गाण्याचे धातूचे साचे आले होते. साच्याला आधी मधोमध भोक पाडायचं असतं. त्याने पाडलं, पण ते जरासं बाजूला गेलं. मग दोन साच्यांमध्ये लेबलं आणि गरम काळा गोळा ठेवायचा, वाफ सोडून दाबायचा, पाणी सोडून थंड करायचा, कडा कापायच्या, असं करत त्याने दुपारपर्यंत ढीग लावला.

ढिगातली एक ऐकून बायको त्याच्यापाशी आली. "अहो, गवईबुवा झोक्यावर बसून गायलेत का?"

"म्हणजे?"

"लांब सूर लागला की वर जातो, खाली येतो. भोक कुठे पाडलंत ते बघा."

त्याने नाकावरचा तिचा चष्मा काढून तिच्याकडचा आपला घातला, बघितलं आणि आवाज खाली आणला. "आजच्या दिवस पास कर. घरची माणसं ना आपण?"

"घरी करते पास. इथे नाही."

तेवढ्यात खुद्द गवईबुवाच साहेबांच्या खोलीत येऊन बसले. साहेबांनी ढिगातली वरची मागवून लावली. नवरा-बायको दारात उभी. गाणं संपलं तरी बुवांचे डोळे मिटलेलेच.

"सुराचं हे आंदोलन माझ्या गुरूंच्या गळ्यात होतं," अखेर ते म्हणाले. "मला जन्मभर जमलं नाही. त्या दिवशी कसं लागून गेलं, माझं मलाच कळलं नाही."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. "पास ना?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग बुवांच्या ओल्या डोळ्यांकडे. "पास," ती म्हणाली.

रेकॉर्ड हातोहात खपली. साचे झिजल्यावर नवऱ्याने त्याच गाण्याचे नवे घेतले आणि भोक अगदी मधोमध पाडलं. थोड्याच दिवसांत दुकानदारांनी त्या रेकॉर्डी परत धाडल्या. गिऱ्हाइकं म्हणे नकली गवई आहे म्हणतात. बुवाही तणतणत आले. "माझ्या गळ्याचं काय केलंत?"

तेव्हापासून नवरा भोक हवं तेवढंच बाजूला पाडायच्या खटपटीत आहे. इतक्या वर्षांच्या सवयीने हात मधोमधच जातो. काल बायकोने त्याचा अख्खा ढीग परत आणून ठेवला.

"आता काय झालं?"

"नापास. सूर सरळ लागतोय."