न फिटणारा नवस

सुधन्वा गुळवणीला स्वतःच्या अकलेबद्दल कधी शंकाच आली नव्हती. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात तो सेक्शन ऑफिसर होता आणि इतकी वर्षं फायलींवर टिपणं लिहून त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की माणसाला खरं कारण सांगत बसू नये, त्याला पटेल ते कारण सांगावं. काम चटकन होतं आणि चहाही मिळतो. याच धोरणामुळे आर. के. पुरमच्या सरकारी कॉलनीत तो 'गुलवानी जी' झाला होता. निम्मी कॉलनी त्याला सिंधी समजत होती. त्यानं ते कधी दुरुस्त केलं नाही. चेटीचंडाच्या शुभेच्छासुद्धा तो हसून स्वीकारायचा आणि वर 'आपको भी' म्हणायचा.

त्यामुळे आठ वर्षांच्या क्षिप्राला सीलिएक नावाचा आतड्याचा आजार असल्याचं निघालं, तेव्हा त्यानं बायकोला ठणकावून सांगितलं, "चेतना, घरातलं तू बघ. बाहेरचं मी सांभाळतो."

डॉक्टरांनी सांगितलेलं समजायला सोपं आणि पचायला फार जड होतं. गहू, रवा, मैदा, जव, सगळं बंद, तेही जन्मभर. चवीपुरतंही नाही. पोळ्यांच्या तव्यावर भाजलेली भाकरीसुद्धा नाही. पोरीची उंची वाढत नव्हती, शाळेच्या रांगेत ती कायम सगळ्यात पुढे उभी असायची, आणि पोट दुखतं म्हणून रडली की घरचे म्हणायचे, शाळा बुडवायचं निमित्त. आता त्या प्रत्येक वेळेची आठवण आईबापांना टोचत होती.

चेतनानं आठवडाभरात स्वयंपाकघर पालथं घातलं. मराठी माणसाचं गव्हावाचून काही अडत नाही, हे तिच्या लवकरच लक्षात आलं. ज्वारीची भाकरी होती, तांदळाची उकड होती, घावन होते, पोहे तर होतेच. बाजारच्या हिंगात मैदा मिसळलेला असतो असं कळल्यावर हिंगाची डबीही गेली आणि आमटी काही दिवस पोरक्यासारखी लागली. सुधन्वानंही लेकीसाठी पोळी सोडली. ऑफिसच्या कँटीनमध्ये तो समोसा खायचा, पण तेवढं आपण सोडून देऊ.

घराच्या बाहेर मात्र दिल्ली होती. पराठा, भटुरा, नान, मठरी, गोलगप्पा. इथे प्रेम करायचं म्हणजे समोरच्याच्या तोंडात गव्हाचं काहीतरी कोंबायचं. आणि या प्रेमाचं मुख्यालय गुळवण्यांच्या डोक्यावरच, वरच्या मजल्यावर होतं. अहलावत आंटी मूळच्या पानिपतच्या. पानिपतच्या माणसाशी मराठी माणूस आधीच जरा जपून वागतो, त्यात आंटींचा आवाज असा की त्या जिन्यात 'बेटा' म्हणाल्या की तळमजल्यावरची मुलंही वर बघायची. मनानं मात्र बाई लोण्यासारखी. क्षिप्रावर तर त्यांचा फार जीव.

सुरुवातीला सुधन्वानं त्यांना खरं कारण सांगून पाहिलं. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रोटीन, इम्यून सिस्टिम, आतड्याचं अस्तर, सगळं सांगितलं, कागदावर आतड्याचं चित्रही काढलं. आंटींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निदान केलं, की हे सगळं पिशवीतला आटा खाल्ल्यानं होतं. त्यांच्या शेतातला गहू, त्यावर देसी तूप, मग कुठलं आतडं बोलतं ते बघू. त्याच आठवड्यात त्यांनी क्षिप्राला जिन्यात गाठून मायेनं अर्धी मठरी भरवली. पोरीला नाही म्हणता आलं नाही. ती दोन दिवस पोट धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती. चेतना तिच्या उशाशी बसून रडली. सुधन्वा बाथरूममध्ये नळ सोडून रडला. ते त्यानं कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा आपणही त्याची वाच्यता करू नये.

मग कॉलनीच्या पार्कात कुणाचा तरी वाढदिवस झाला. आंटी भटुऱ्याचा तुकडा छोल्यात बुडवून क्षिप्राच्या दिशेनं निघाल्या. सुधन्वा मधे आडवा गेला. तोंडात आतडं, अस्तर हे शब्द आले होते, पण ते गिळून तो म्हणाला, "आंटी जी, मन्नत है। माता रानी के नाम पर गेहूं छोड़ा है इसने।"

आंटींचा हात विजेचा धक्का बसल्यासारखा मागे गेला. त्यांनी स्वतःचे कान पकडले, आधी का नाही सांगितलं म्हणून त्यालाच दटावलं, हात धुऊन आल्या, सुरी धुतली, ताटली धुतली आणि केळं, पेरू कापून पोरीपुढे ठेवलं. भटुऱ्याच्या कढईजवळचा माणूस पोरीजवळ येऊ लागला तर त्याला लांबूनच हटकलं.

सुधन्वा घरी आला तो जग जिंकून. दिल्लीला ग्लुटेन कळत नसेल, पण व्रत इतकं कळतं की डॉक्टरांनी येऊन शिकवणी लावावी. वेगळं तेल, वेगळी कढई, वेगळा झारा, कणकेच्या हातानं शिवायचं नाही. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तासभर समजावलेलं सगळं या बायकांना जन्मापासून पाठ होतं. फक्त कारण बदलायचं होतं.

चेतनाला हे मुळीच पटलं नाही. "अरे, आजार आहे तिला," ती म्हणाली. "उद्या कुणी तिलाच विचारलं, तर काय सांगेल ती?"

कुणी काही विचारत नसतं, असं सांगून सुधन्वानं तो विषय निकालात काढला.

लोकांनी विचारलं नाही हे खरं, पण ते मागायला लागले. अहलावत साहेबांची चंदीगडला बदली होणार होती. आंटींनी सहज क्षिप्राला विचारलं, अंकल जाणार का गं? पेरू खाता खाता ती 'नहीं' म्हणाली. बदली रद्द झाली. तेव्हापासून गुळवण्यांच्या दारात वर्दळ वाढली. बारावीची मुलं पेन घेऊन यायची, एका मावशींनी लग्न जमत नसलेल्या भाच्याचा फोटो आणला. क्षिप्रा वैतागली होती. "बाबा, आंटी लोक माझे पाय टच करतात. मला खूप ऑकवर्ड होतं यार," असं ती म्हणायची. सुधन्वा तिला म्हणायचा, पोट दुखण्यापेक्षा बरं नाही का?

त्यात नवरात्र आलं आणि सुधन्वाचे तर सोन्याचे दिवस आले. अख्ख्या दिल्लीनं गहू सोडला. जिकडे तिकडे कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या, सामकची म्हणजे आपल्या वरीची खीर, शिंगाड्याचा हलवा. क्षिप्रा कित्येक महिन्यांनी हॉटेलात बसून जेवली. सुधन्वानं बिलासोबतची बडीशेप चघळत चेतनाकडे असं पाहिलं, जणू हे नवरात्र त्यानंच मंजूर करून आणलं होतं.

अष्टमीला दोन दिवस राहिले असताना अहलावत आंटी खाली आल्या. अष्टमीच्या सकाळी दिल्लीत घरोघरी कंजक बसवतात, म्हणजे लहान मुलींना देवी मानून त्यांचे पाय धुतात आणि पुरी, रव्याचा हलवा आणि काळे चणे जेवू घालतात. यंदा पहिला मान क्षिप्राचा, असं आंटींनी जाहीर केलं. सुधन्वानं अदबीनं गव्हाची आठवण करून दिली. आंटी खुशीत हसल्या. तोच तर आनंद होता.

"पंडित जी से पूछ लिया मैंने," त्या म्हणाल्या. "अष्टमी को बच्ची का व्रत खुलेगा। पहली पूरी मेरे हाथ से।"

या आजाराला शेवट नसतो, नवसाला मात्र असतो, हे कलम सुधन्वानं वाचलंच नव्हतं. त्यानं घाईघाईनं सांगितलं की मन्नत अजून पुरी झालेली नाही, तर व्रत खुलणार कसं? आंटींनी साहजिकच विचारलं, मन्नत कसली होती? आयुष्यात रखडलेली एकच गोष्ट त्या क्षणी सुधन्वाच्या जिभेवर होती.

"प्रमोशन," तो म्हणाला.

"किसका?"

"मेरा।"

बापाच्या बढतीसाठी या एवढ्याशा लेकरानं पोळी सोडली होती! आंटी चहा न घेता उठल्या. अहलावत साहेब सुधन्वाच्याच इमारतीत कामाला होते, त्यामुळे ही बातमी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत लिफ्टमनलाही ठाऊक झाली. दुपारी डायरेक्टर साहेबांचं बोलावणं आलं. साहेबांचेही उपास चालू होते. समोर मखाण्यांची वाटी होती आणि चेहरा पडलेला होता.

"गुलवानी," ते म्हणाले, "तुम्हारी फ़ाइल इतने महीनों से मेरी मेज़ पर है। मुझे क्या पता था, उसके नीचे एक बच्ची बैठी है।" त्यांनी फाईल ओढली आणि त्याच्या देखत सही केली. नवरात्रात हे पाप आपण डोक्यावर घेणार नाही, असंही ते म्हणाले.

इतक्या वर्षांची आस पुरी झाली होती. सहकारी येऊन मिठी मारत होते. सुधन्वा कुत्रं चावलेला माणूस हसेल तसा हसत होता. त्यानं चेतनाला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे उद्या पुरी."

रात्रभर त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीकडे तोंड करून पडलेली क्षिप्रा होती. पाठवलं नाही, तर आंटी ताट घेऊन खाली येणार. नाहीतर नंतर कधीतरी जिन्यात गाठून कुणाला कळू न देता भरवणार. सकाळी त्यानं ठरवलं, आता खरं तेच सांगायचं. नाक जाऊ दे, बढतीही गेली तर जाऊ दे.

अहलावतांच्या हॉलमध्ये मुली ओळीनं बसल्या होत्या. पाय धुऊन झाले होते, डोक्यावर लाल चुनऱ्या होत्या. आत पुऱ्या फुगत होत्या. सुधन्वा सगळ्या बायकांपुढे उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला की मन्नत वगैरे काही नव्हतं, मुलीला आजार आहे, तिला गहू देऊ नका.

एकाही बाईचा विश्वास बसला नाही. काम झालं आणि देवीला फसवायला निघाला, असं एक म्हणाली. याला आता पुढचं प्रमोशनही याच व्रतात हवंय, असं दुसरीनं सुचवलं. अहलावत साहेबांनी त्याला दंडाला धरून हळूच बाल्कनीत नेलं. तिथे एका ताटात त्यांची स्वतःची पुरी निवत ठेवली होती. चेतना बायकांच्या मागून पुढे घुसायचा प्रयत्न करत होती. आंटींनी पुरीचा तुकडा हलव्यात बुडवला आणि क्षिप्राच्या तोंडाशी नेला.

क्षिप्रानं ओठ घट्ट मिटले. मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "आंटी, इससे मेरे पेट में बहुत दर्द होता है। आपकी मठरी से भी हुआ था। आपको बुरा लगता, इसलिए मैंने नहीं बताया।"

आंटींच्या हातातला तुकडा ताटात पडला. त्यांनी क्षिप्राकडे पाहिलं, चेतनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना ते पटलं. प्रोटीन नाही, अस्तर नाही, चित्र नाही. पोरीनं दुखतं म्हणून सांगितलं आणि पटलं. त्या तिथेच खाली बसल्या, पोरीला कुशीत घ्यायला हात पुढे केले, पण हाताला पुरी लागली आहे हे आठवून तसेच हवेत धरून मोठमोठ्यानं रडायला लागल्या. सुधन्वाला त्या दिवशी जितकी लाज वाटली, तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रडणं थांबल्यावर आंटींनी त्याला जे फैलावर घेतलं, ते इथे लिहिता येणार नाही. त्यातलं निम्मं हरियाणवीत होतं हे त्याचं नशीब. मग त्यांनी साबणानं हात धुतले, दोनदा धुतले, नवीन वाटीत सामकची खीर आणून पोरीला भरवली आणि ओल्या हातानं देवीच्या तसबिरीपुढे उभ्या राहिल्या.

"जब तक ये बच्ची ठीक नहीं होती," त्या म्हणाल्या, "इस घर में गेहूं नहीं आएगा।"

बायकांनी 'जय माता दी' म्हटलं. सुधन्वानं तोंड उघडलं आणि मिटलं. समोरून चेतना त्याच्याकडे रोखून पाहत होती. त्याला पुन्हा तोंड उघडावं लागलं. "आंटी जी," तो म्हणाला, "ये बीमारी ठीक नहीं होती। उम्र भर रहती है।"

आंटींनी क्षिप्राच्या ओठावरची खीर पदरानं पुसली.

"तो उम्र भर सही," त्या म्हणाल्या, आणि कणकेचा डबा उचलून जिन्याकडे निघाल्या.

बाल्कनीत अहलावत साहेब पुरीचा पहिला घास तोंडाशी नेत होते. सात दिवसांच्या उपासानंतरचा पहिला घास. ते तसेच थांबले. त्यांनी डब्याकडे पाहिलं, हातातल्या पुरीकडे पाहिलं, आणि मग सुधन्वाकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "गुलवानी जी, सच बोलने के लिए आपको आज का ही दिन मिला था?"